कर्नलसाहेबांचे बिल्ले

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हाती बिल्ला मिळतो. संगणकातल्या डिस्ककडे काम धाडायचे तर कर्नलही असाच बिल्ला देतो, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. (हे कर्नल लष्करातले नव्हेत, संगणकाचा सारा कारभार पाहणारी ती मूळ आज्ञावली.) साधी साटा डिस्क एका वेळी फार तर 32 कामे रांगेत घेते, म्हणून बिल्ले 32. बिल्ला दिला की एक, परत आला की शून्य, अशी एकेका बिटाची नोंद. 64 बिटांच्या एका शब्दात ही वही मावते, वर अर्धी कोरी उरते!

मग अडले कुठे? नोंद करायची तर प्रोसेसरला 64 बाइटांचा तो तुकडा एकट्याच्या ताब्यात घ्यावा लागतो. मागणारे प्रोसेसर वाढले की वहीची नुसती ओढाताण. काम राहते बाजूला.

लिनक्समध्ये डिस्कांच्या रांगा सांभाळणाऱ्या भागात यावर तोड होतीच. 2016 साली ओमर सँडोव्हल यांनी ती सर्वांच्या उपयोगासाठी ‘एसबिटमॅप’ म्हणून वेगळी काढली. तिथे 32 बिल्ले आठ-आठ करून चार शब्दांत वाटतात, प्रत्येक शब्द स्वतंत्र तुकड्यावर. शोध कुठून सुरू करायचा, ती खूणही प्रत्येक प्रोसेसरची निराळी. शब्दामागे 56 बिटे कोरी! काटकसरीच्या घरात वाढलेल्या माझ्या जिवावरच येते. पण भांडण मिटते, हे कबूल. शेवटचाच बिल्ला उरला असेल, तर मात्र चारही शब्द धुंडाळावे लागू शकतात.