सुलट कोण, उलट कोण? पानिपतचे साल आणि बाइटचा क्रम (थ्रेड)

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा वाहते. अलीकडे पांढरकवड्याचा मराठी माणूस ‘एकवीस’ म्हणतो: आधी एक, मग वीस. पलीकडे आदिलाबादचा तेलुगू माणूस ‘इरवै ओकटि’ म्हणतो: आधी वीस, मग एक. वस्तू दोघेही तितक्याच मोजतात. तरीही ‘सुलट क्रम कोणाचा?’ हे विचारण्याचा मोह माणसाला आवरत नाही.

२/ संगणकाच्या इतिहासातही हा मोह आहे. त्याभोवती दोन सोपे गैरसमज उभे राहतात. पहिला अभिमानाचा: ‘अंक उजवीकडून मोजण्याची रीत आमची, म्हणून संगणकाने ती आमच्याकडूनच घेतली.’ दुसरा आळसाचा: ‘हा वाद आता मिटला, त्याची काळजी कशाला?’ पहिल्यात इतिहासाची हानी आहे, दुसऱ्यात यंत्राची. या थ्रेडचे भांडण दोघांशीही आहे.

३/ आधी मूळ गोष्ट. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच संख्या मावते. ११६१ ठेवायची तर दोन बाइट लागतात: ४ आणि १३७, कारण ४ × २५६ + १३७ = ११६१. आता स्मृतीत आधी कोणता ठेवायचा? मोठ्या स्थानाचा आधी ठेवला तर ‘बिग-एंडियन’, लहान स्थानाचा आधी ठेवला तर ‘लिटल-एंडियन’.

४/ एका रीतीने लिहिलेले दुसऱ्या रीतीने वाचले तर काय होते? १३७ × २५६ + ४. म्हणजे ११६१ चे ३५०७६ होतात. यंत्र अडखळत नाही, तक्रार करत नाही. ते पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देते. या दोषाची खरी भीती हीच आहे.

५/ उदाहरणाला ११६१ हीच संख्या का? कारण ते पानिपतचे साल आहे. १४ जानेवारी १७६१ हा दिवस शुहूर सन ११६१ मध्ये येतो. मराठ्यांच्या कागदपत्रांत हा सन अरबी शब्दांत लिहीत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. लहान स्थान आधी, मोठे शेवटी.

६/ मग पेशव्यांचे कारकून लिटल-एंडियन होते का? येथेच थांबून पाहावे. ‘सितैन’ वाक्यात कोठेही ठेवा, त्याचा अर्थ साठच राहतो. शब्दांचा क्रम उलटला तरी बेरीज ११६१ च येते. येथे प्रत्येक शब्द आपले स्थानमूल्य स्वतःबरोबर घेऊन चालतो. ‘एकवीस’मधल्या ‘वीस’चेही तसेच. क्रम ही येथे केवळ रूढी आहे.

७/ याउलट भास्कराचार्य. ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी आपले जन्मवर्ष शब्दांकांत सांगितले आहे. त्या शब्दांचे अंक ओळीने सहा, तीन, शून्य, एक असे येतात. अंकांची गती डावीकडे, हा संकेत ठाऊक असेल तर शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. ठाऊक नसेल तर ६३०१! शब्दांकातील ‘सहा’ हा सहा, साठ की सहा हजार, हे त्या शब्दात कोठेही लिहिलेले नसते.

८/ बाइट हा शुहूर सनातील शब्दासारखा नसून भास्कराचार्यांच्या शब्दांकासारखा आहे. १३७ हा बाइट आपले स्थान सांगत नाही. ते स्थान बाहेरच्या संकेतावर अवलंबून असते, आणि संकेत लिहून ठेवला नाही तर वाचणारा आपल्या सवयीने वाचतो. सारा अनर्थ या एका वाक्यात आहे.

९/ आता अभिमानाचा दावा. इंटेलच्या प्रोसेसरांतील लिटल-एंडियन क्रमाचे मूळ १९७० च्या डेटापॉइंट २२०० या यंत्रात सापडते. ते एका वेळी एकच बिट हाताळत असे. बेरीज एककापासून सुरू होते, हातचा पुढे जातो, म्हणून लहान स्थान आधी लागते. कारण सर्किटाचे आहे, ग्रंथाचे नाही. शिवाय भारतात लिखित अंकांत मोठे स्थान आधी आणि शब्दांकांत लहान आधी, अशा दोन्ही रीती शतकानुशतके शेजारी नांदल्या. त्यांतली एकच उचलून मिरवणे हा इतिहास नव्हे.

१०/ ‘एंडियन’ हे नावच उपहासातून आले. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या गलिव्हरच्या कथेत अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून युद्ध होते. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी आपल्या टिपणात ती नावे बाइटच्या क्रमाला दिली. त्यांचे म्हणणे साधे होते: कोणता क्रम निवडला यापेक्षा सर्वांनी एकच क्रम मान्य करणे महत्त्वाचे.

११/ महाराष्ट्राने हे युद्ध २०१९ मध्ये पाहिले. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी मांडणी आली आणि राज्यभर वाद पेटला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलाच्या अडचणीचा होता: कानावर ‘एक’ आधी पडतो आणि हात ‘२’ आधी लिहितो. चर्चा मात्र बहुतांशी ‘आपले काय, परके काय’ यातच अडकली. बोली आणि लेखन यांच्या सीमेवर मूल अडखळते, हा खरा प्रश्न मागे पडला.

१२/ सीमेवरच अडखळणारा दुसरा जीव म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर. प्रोसेसर आणि उपकरण यांच्यामधला तो पारसनीस. फारसी पत्र हिजरी सनाचे असेल तर ते पुण्यात उघडले तरी हिजरीच, नागपुरात उघडले तरी हिजरीच. दरबार बदलला म्हणून पत्रातील सन बदलत नाही. पारसनिसाने पत्र पाहायचे, दरबार नव्हे.

१३/ ड्रायव्हर लिहिणारे अनेकदा नेमके उलटे करतात. ते विचारतात, ‘हा प्रोसेसर कोणत्या क्रमाचा? बिग असेल तर बाइट उलटवा.’ प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते हे: ‘उपकरणाने बाइट कोणत्या क्रमाने दिले?’ लहान आधी दिले असतील तर पहिला बाइट अधिक दुसरा गुणिले २५६. हे गणित प्रत्येक प्रोसेसरवर एकच उत्तर देते. यंत्राची जात विचारावीच लागत नाही.

१४/ हा निव्वळ पुस्तकी उपदेश नाही. पुण्याच्या सी-डॅकचा इतिहास पाहावा. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्यूटरवर चाले: लहान आधी. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क: मोठा आधी. त्यानंतरच्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर-४: मोठा आधी. २००८ च्या परम युवामध्ये इंटेल झिऑन: पुन्हा लहान आधी.

१५/ सतरा वर्षांत क्रम दोनदा फिरला. १९९८ पासूनच्या या यंत्रांना जोडणारे परमनेट हे जाळे मात्र संस्थेने स्वतः घडवले आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेले. प्रोसेसर बदलत असताना टिकून राहणाऱ्या अशा जोडणीच्या ड्रायव्हरमध्ये ‘आपले यंत्र अमुकच’ असे गृहीत धरणे म्हणजे प्रत्येक पिढीला नवा दोष वारशाने देणे. टिकते ते उपकरणाच्या क्रमाशी बांधलेले लेखन.

१६/ लिनक्सने हा धडा नियमात उतरवला. तेथे ‘एलई३२’ आणि ‘बीई३२’ असे वेगळे प्रकारच आहेत: संख्या कोणत्या क्रमाची, ते तिच्या नावावरच लिहिलेले. रूपांतर न करता ती वापरली तर ‘स्पार्स’ हे तपासणीचे साधन इशारा देते. म्हणजे मुक्या शब्दांकाला ‘सितैन’सारखी बोलती ओळख दिली.

१७/ अतिउत्साहही घातकच. लिनक्समधील ‘रीडएल’ ही क्रिया पीसीआय उपकरणाचे रजिस्टर लिटल-एंडियन मानून वाचते आणि बिग-एंडियन यंत्रावर बाइट स्वतःच उलटवते. त्यावर कोणी आणखी एकदा उलटवले तर दुरुस्तीच बिघाड ठरते. रूपांतर एकदाच, आणि सीमेवरच.

१८/ आक्षेप पहिला: ‘वेळ वाया जातो.’ क्रम जुळत असेल तर ही रूपांतरे कंपाइलर शून्य सूचनांत मिटवतो. आक्षेप दुसरा: ‘बिग-एंडियन संपले.’ आयबीएमचे झेड मेनफ्रेम आजही बिग-एंडियन आहेत आणि त्यांवर लिनक्स चालते. इंटरनेट प्रोटोकॉलच्या शीर्षकातील संख्याही मोठा बाइट आधी ठेवूनच प्रवास करतात. ज्याच्या फोनवर हा थ्रेड उघडला आहे, तो फोन बहुधा लिटल-एंडियन आहे, आणि प्रत्येक पाकिटावर त्याला हे भाषांतर करावे लागते. वाद संपलेला नाही, कोणीतरी काम चोख केल्यामुळे तो दिसत नाही.

१९/ यवतमाळच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यापाशी बिग-एंडियन यंत्र नसेल, पण सबब उरत नाही. क्यूएमू हे मोफत साधन साध्या लॅपटॉपवर पॉवर किंवा झेड यंत्राचे सोंग उभे करते. आपला ड्रायव्हर एकाच यंत्रावर चालवून ‘चालतो’ म्हणणे हे एकाच बखरीवरून पानिपत लिहिण्यासारखे आहे.

२०/ इतिहासाचा अभ्यासक जुन्या पत्रावर आपले कॅलेंडर लादत नाही. तो आधी पाहतो: सन शुहूर, शक की हिजरी? मग रूपांतर करतो आणि कोणता सन धरला ते नोंदवून ठेवतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडून अपेक्षा याहून वेगळी नाही. क्रम कोणताही चालतो. तो न लिहिणे हा मात्र पुढच्या वाचणाऱ्याशी केलेला दगा आहे.