दुरुस्त केलेला अहवाल

मे महिन्याच्या सुट्टीत मेहुण्यांकडे वाराणसीला गेलो होतो. सकाळी बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात फिरायला जायचो. मराठी माणसाला तिथे जयंत नारळीकर आठवतात. त्यांचं शिक्षण तिथलंच. मला मात्र निक्कू मधुसूदन आठवत होते. तिथल्याच तंत्रज्ञान संस्थेतून (आता ती आयआयटी आहे) ते इंजिनिअर झाले आणि पुढे दूरच्या ग्रहांच्या वातावरणाच्या अभ्यासाकडे वळले.

त्यांच्या एका कामाची गोष्ट प्रत्येक कॅडेटला माहीत असावी, असं मला वाटतं.

वास्प-१२बी हा गुरूसारखा अवाढव्य वायुग्रह. ताऱ्याच्या इतका जवळ, की त्याचं वर्ष साधारण २६ तासांचं. तो वेगळा दिसत नाही. पण तो ताऱ्यामागे गेला की तिथून येणारा अवरक्त प्रकाश किंचित घटतो. घटला तेवढा ग्रहाचा. थर्मल कॅमेऱ्यात अंधारातला माणूस दिसतो, तो अशाच प्रकाशामुळे. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. म्हणून ही घट निरनिराळ्या तरंगलांबींना मोजली, की पाण्याची वाफ, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड यांचा अंदाज बांधता येतो. मधुसूदन आणि सहकाऱ्यांच्या हाती अशी सातच मोजमापं होती. चार स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीची, तीन जमिनीवरून घेतलेली. त्यावरून २०१० च्या डिसेंबरात त्यांनी मांडलं, की या ग्रहावर कार्बन निदान ऑक्सिजनइतका तरी आहे. सूर्यात तो ऑक्सिजनच्या साधारण निम्मा. जगभर चर्चा झाली.

२०१२ मध्ये लक्षात आलं, की शेजारच्या एका अंधुक ताऱ्याचा प्रकाश मोजमापांत मिसळला होता. २०१५ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्याच ग्रहावर पाण्याची वाफ सापडली आणि पारडं ऑक्सिजनकडे झुकलं. त्या नव्या शोधनिबंधाच्या लेखकांत मधुसूदन यांचंही नाव आहे!

गेल्या शिबिरात रात्रीच्या निरीक्षणाला एका कॅडेटने लिहिलं, 'बांधावर दोन माणसं.' सकाळी पाहिलं तर एक बुजगावणं आणि एक खांब. त्याने ते पान फाडून टाकलं. मी त्याला चुकीबद्दल रागावलो, पान फाडल्याबद्दल नाही. उलटं करायला हवं होतं. त्याला दोन उभ्या आकृत्या दिसल्या होत्या, ते खरंच होतं. 'माणसं' हा अंदाज होता.

काही सहकारी म्हणतात, फौजेत डळमळीत अहवाल चालत नाही. मान्य. पण अंदाजाला निरीक्षण म्हणणारा अहवाल त्याहून घातक, कारण त्याच्या भरवशावर तुकडी पुढे जाते.

या सत्रापासून माझ्या वर्गाच्या निरीक्षण वहीत दोन रकाने असतील: 'दिसले' आणि 'वाटले'. चूक एका रेघेने खोडून शेजारी तारीख घालायची. त्याचे गुण कापणार नाही. पान फाडल्याचे कापीन. पालकांनीही वहीत खाडाखोड दिसली म्हणून मुलांना बोलू नये, ही विनंती.