मैत्रिणींचा धाक

२०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे दीड हजार खात्यात येऊ लागले. पण महिनाअखेर शिल्लक किती, असं विचारलं की बायका नुसत्या हसतात. लेकीच्या फीसाठी डाळीच्या डब्यात ठेवलेले माझेही पैसे कधी टिकले नाहीत. टिकले ते बचत गटात.

१९९३ च्या भूकंपानंतर आपल्या धाराशिव जिल्ह्यात ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ने बायकांना एकत्र आणलं, पुढे गट वाढले. गटात शंभर रुपये का होईना, सगळ्यांसमोर द्यायचे, वहीत लिहायचे. हप्ता चुकला तर मैत्रिणी घरी येतात. मात्र आधी ‘घरी सगळं बरं आहे ना?’ विचारावं, मग पैशाचं. नाहीतर गटात आणि सावकारात फरक तो काय?