केसांचा इलाज आणि निकाहची तारीख

रिश्त्याची बोलणी सुरू झाली की माजी विद्यार्थ्यांच्या अम्मी आमच्याकडे येतात. पूर्वी त्या मुलीकडच्या माणसांची चौकशी करायच्या. आता आवाज खाली आणून म्हणतात, "सर, याच्या केसांचं काही बघा ना." मुलगा असतो तेवीस-चोवीस वर्षांचा. विरार लोकलमध्येसुद्धा टोपी काढत नाही, आणि ती टोपी नमाजची नसते!

आमच्या वसई-विरारमध्ये पहिला दोष जातो टँकरच्या पाण्याला. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकणं आणि टाळूवर विरळ होत जाणं हे पाण्याचं काम नव्हे. ते घराण्यातून येतं, आईकडून किंवा वडिलांकडून. पुरुषी संप्रेरकापासून तयार होणाऱ्या डीएचटी नावाच्या द्रव्यामुळे त्या भागातल्या केसांची मुळं वर्षागणिक बारीक होत जातात. कांद्याचा रस, महागडं तेल, डोक्यावर हिजामा, यांनी ही प्रक्रिया थांबल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

मात्र प्रत्येक केसगळती अशी नसते. डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. चाई पडते तो आजार वेगळा. २०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या माणसांचे केस काही दिवसांतच गळाले. तिथे आयसीएमआरचं पथक गेलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणून गोळी की शस्त्रक्रिया हे ठरवण्याआधी गळती कोणती आहे हे त्वचारोगतज्ज्ञाला पाहू द्यावं. कूपर, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांत त्वचेची ओपीडी आहे. रांग लांब असते, पण तिथे कोणी तुम्हाला पॅकेज विकत नाही.

औषधं मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. ते डोक्याला लावतात. पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात आणि मुलं घाबरून बाटली फेकून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. दुसरं फिनास्टेराइड, रोज एक मिलिग्रॅमची गोळी. अमेरिकेत १९९७ साली तिला टकलासाठी मान्यता मिळाली. ती डीएचटी कमी करते. दोन्ही औषधं बंद केली की काही महिन्यांत कमाई जाते, म्हणजे हा वर्षानुवर्षांचा खर्च आहे.

गोळीबद्दल घरात बोललं जात नाही ते आम्ही इथे लिहितो. थोड्या पुरुषांमध्ये तिच्यामुळे वैवाहिक इच्छा आणि क्षमता कमी होते. काहींच्या वीर्यावर परिणाम होतो. काहींना उदासी येते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ साली आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. बहुतेकांना यातलं काही होत नाही. पण ज्याला होतं तो नवा नवरदेव लाजेने गप्प बसतो आणि घरचे त्याचा दोष बायकोला देतात. म्हणून चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून ही गोळी आणू नये. बरं वाटेनासं झालं तर डॉक्टरांना लगेच सांगावं. आणि गरोदर स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

आता शस्त्रक्रिया. डोक्याच्या मागच्या भागातले केस डीएचटीला सहसा दाद देत नाहीत. तिथून मुळं काढून पुढे लावतात. नवे केस निर्माण होत नाहीत, जागा बदलते. मागचा साठा मर्यादित असतो. बाविसाव्या वर्षी तो कपाळ भरण्यात खर्च केला आणि तिशीत टाळू उघडी पडली, तर पुढे झुपका आणि मध्ये मैदान. शस्त्रक्रियेनंतरही मूळचे केस गळतच राहतात, त्यामुळे औषध बहुधा घ्यावंच लागतं. "गोळी नको म्हणून ऑपरेशन" हा हिशेब इथेच चुकतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा निकाह तीन महिन्यांवर होता. एका सेंटरने त्याला सांगितलं, आत्ताच करून घ्या, सूट आहे. अम्मीच्या बांगड्या गहाण टाकण्यापर्यंत गोष्ट आली. लावलेले केस पहिल्या महिन्यातच बहुतेक झडतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरं रूप दिसायला वर्ष जातं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. निकाहच्या दिवशी तो आधीपेक्षा वाईट दिसला असता. त्वचारोगतज्ज्ञाने औषध देऊन वर्षभर पाहू म्हटलं. मुलीकडच्यांना आम्ही साफ सांगितलं आणि रिश्ता टिकला. दुसऱ्या एका घरात याच कारणाने मोडलाही.

२०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत ४३ वर्षांचे एक व्यावसायिक केसरोपणानंतर दोन दिवसांत वारले. एकाच वेळी त्यांना सुमारे साडेनऊ हजार मुळं लावल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा जाणकार म्हणाले, एका बैठकीत तीन हजारांच्या आसपास थांबावं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण लागतं. तेव्हा सेंटरची पाटी नव्हे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. चिरा स्वतः कोण देणार आणि भूल बिघडली तर काय सोय आहे, हेही विचारा. उत्तर टाळलं तर उठून यावं.

अम्मी शेवटी विचारतातच, जायज आहे का? दुसऱ्याचे केस जोडण्याची मनाई हदीसमध्ये आहे. इथे केस आपलेच असतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ साली मलेशियातल्या पुत्राजाया इथल्या बैठकीत गळलेल्या केसांच्या जागी रोपण करणं जायज ठरवलं. तरी आपल्या मौलानांना विचारावं, कारण प्रश्न पुढेही आहेत. पहिले काही दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही, खाली वाकायचं नाही, तर मसह आणि सजदा कसा करायचा? आणि वर्षभरात उमराह ठरला असेल तर सर्जनला आधीच सांगावं. डोक्यावर वस्तरा कधी चालेल हे ते सांगतील. नाहीतर पुरुषाला थोडे केस कापून घेण्याची, म्हणजे कस्रची मोकळीक आहेच.