‘स्पेअरिंगली’ म्हणजे नेमके किती?

त्वचेच्या मलमासोबत येणाऱ्या कागदावर ‘स्पेअरिंगली’ हा इंग्रजी शब्द वारंवार आढळतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘काटकसरीने’ असा मिळतो आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. काटकसरीत आयुष्य गेलेली आपली वडीलधारी मंडळी मग मलम दिवसाआड लावतात, नळी महिनोन्‌महिने पुरवतात आणि इसब काही हटत नाही. वस्तुतः येथे त्याचा अर्थ ‘बेताने, पातळ थरात’ एवढाच आहे. दिवस गाळावा, असे त्यात कोठेही अभिप्रेत नाही.

बेत कसा ठरवावा? लाँग आणि फिनले या ब्रिटिश डॉक्टरांनी 1991 मध्ये एक सोपे माप मांडले. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरते. पावलाला अशी दोन पेरे, तर मांडीपासून घोट्यापर्यंतच्या पायाला सहा पेरे लागतात. ‘थोडेसे’ या शब्दापेक्षा हे माप मला कितीतरी भरवशाचे वाटते.

स्टेरॉइड असलेल्या मलमाबाबत मात्र हात खरोखरच आखडता हवा. उतारवयात त्वचा आधीच पातळ झालेली असते. असे मलम फार दिवस चोळल्यास ती अधिक विरते आणि जरासा धक्का लागताच काळेनिळे डाग उमटतात. चेहरा, काख व जांघ येथे ते अधिक शोषले जाते. धानाच्या रोवणीत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, घामाने नायटा पसरतो. त्यांवर स्टेरॉइड लावल्यास खाज तात्पुरती शमते, पण बुरशी आतून फोफावते. 2018 पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई आहे. तरी शेजाऱ्याची उरलेली नळी घरात येतेच!

रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्यांना हा शब्द मुळीच लागू नाही. खर्च झेपत नसेल तर गोळी अर्धी करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगावे. त्याच औषधाची स्वस्त जनेरिक गोळी जन औषधी केंद्रात बहुधा मिळते, आणि सरकारी आरोग्य केंद्रातही चौकशी करावी. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या मोडल्या की सगळे औषध एकदमच अंगात उतरते.

काचबिंदूच्या थेंबांचे असेच आहे. डोळ्यात एका थेंबाहून अधिक मावत नाही, दुसरा गालावरच ओघळतो. म्हणून एका वेळी एकच थेंब टाकावा, पण तो रोज, ठरल्या वेळी. दोन निरनिराळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.