इंजिनांतील ज्वलन व संगणकाची आणेवारी

दुहेरी इंधनाच्या इंजिनांत नैसर्गिक वायु हवेबरोबर आंत घेतात व थोडें डिझेल फवारून तो पेटवितात. कारण दाबाच्या उष्णतेनें डिझेल जसें पेट घेतें, तसा हा वायु सहजासहजीं घेत नाहीं. सिलिंडरांत पुढें काय घडतें, हें आतां संगणकावर गणितानें मांडतां येतें. अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेनें ‘कीवा’ नांवाची अशी प्रणाली १९८५ सालीं प्रसिद्ध केली. या वायूच्या ज्वलनाच्या ‘जीआरआय-मेक’ नामक कोष्टकाच्या तिसऱ्या आवृत्तींत तर ५३ द्रव्यें व ३२५ रासायनिक क्रिया धरल्या आहेत.

ही बारकाई स्तुत्य आहे. तथापि आमच्या मतें ती नजरअंदाजाची आणेवारीच होय. बांधावरून केलेला अंदाज पीककापणीच्या प्रयोगावांचून पक्का मानूं नये. तद्वत् संगणकाचा आंकडा प्रत्यक्ष इंजिनांतील दाबाशीं व धुराशीं ताडून पाहिलाच पाहिजे.

हलक्या भारावर तर हें विशेष अगत्याचें आहे. तेथें मिश्रण फार विरळ होतें, ज्योत सर्वत्र पोहोंचत नाहीं व कांहीं मिथेन न जळतांच बाहेर जातो. इंधन तर वायां जातेंच. शिवाय तो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानें कर्बाम्लवायूच्या सुमारें २८ पट तापदायक ठरतो.

गोबरवायूवर पंप चालवूं इच्छिणाऱ्या बंधूंनीं आणखी एक ध्यानांत धरावें. त्या वायूंत मिथेनाबरोबर बराच कर्बाम्लवायु असल्यामुळें नैसर्गिक वायूचें गणित त्यास जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. विक्रेत्यानें डिझेलची बचत सांगितल्यास ती कोणत्या वायूवर, किती भारावर व कोणत्या प्रत्यक्ष चांचणीनें ठरली, हें आधीं विचारावें. पैसे मागाहून मोजावे.