कसणारी कोण? चाकरमान्यांच्या कोकणातील एक विसरलेला प्रश्न

१/ ‘कोकण मनिऑर्डरीवर जगले’ हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे, की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे असे, की मुंबईच्या गिरण्या कोकणातील स्त्रियांच्या बिनमोल श्रमावर चालल्या.

२/ मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्यांना कामगार पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रस्थानी राहिला. आजचा सिंधुदुर्गही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. डोंगरउताराची जमीन, वर्षाकाठी भाताचे एक पीक आणि त्यातही खोताचा वाटा, अशा स्थितीत तरुणांपुढे बोटीची वाट उरली.

३/ या स्थलांतराची खूण जनगणनेत आजही दिसते. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६, तर मुंबई शहर जिल्ह्यात केवळ ८३२. गावातून वजा झालेले पुरुष शहराच्या बेरजेत सापडतात.

४/ बायकोला मुंबईस का नेले नाही? याचे उत्तर मायेच्या अभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. चाळीतल्या एका खोलीत एकाच गावचे कितीतरी पुरुष पाळीपाळीने झोपत. पगार एका माणसाच्या पोटापुरता. शिवाय गावची जमीन पडीक टाकली, तर तिच्यावरचा हक्कही डळमळीत होई. म्हणून कोणीतरी मागे राहणे भाग होते. ते कोणी, हा प्रश्न मात्र कधी विचारला गेला नाही.

५/ मागे राहिलेलीचे वर्ष असे: उन्हाळ्यात कवळे तोडून राब भाजणे, पावसाळ्यात लावणी आणि बेणणी, मग कापणी, झोडणी, जोडीला गुरे, पाणी, सरपण, मुले, सासूसासऱ्यांचे आजारपण. नांगराला हात लावणे तेवढे तिला रूढीने वर्ज्य. त्यामुळे जोत मोलाने आणावे लागे आणि मनिऑर्डरीतील काही रक्कम तिथेच संपे.

६/ टपाल खात्याने मनिऑर्डरीची सेवा १८८० साली सुरू केली. अनेक घरांत पैसे येत ते सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या नावे. नवऱ्याचे पत्र दुसऱ्याने वाचून दाखवायचे आणि उत्तरही दुसऱ्याच्याच हातून लिहून घ्यायचे. मनातले सांगायला शिमग्याची किंवा गणपतीची रजा उजाडावी लागे.

७/ पुरुषाच्या गैरहजेरीमुळे स्त्रीला स्वातंत्र्य लाभले, असा एक युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी फेटाळण्याजोगा नाही. बाजार, सावकार, शाळा, तलाठी, सगळीकडे ती गेली आणि निभावूनही नेले. परंतु जबाबदारी वाढणे आणि अधिकार मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिच्या वाट्याला पहिली आली.

८/ या व्यवस्थेचा लाभ कोणाला झाला? व्हिटले आयोगाच्या १९३१ च्या अहवालाने कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू मानली. ते तोडू नये, उलट जोपासावे, असे सुचवले. बाळंतपण, आजारपण, बेकारी, म्हातारपण यांचा भार गाव सोसत होते. गिरणीला तेवढा पगार वाचवता आला. ‘गाव’ म्हणजे येथे प्रत्यक्षात घरची बाई.

९/ संपांच्या इतिहासातही ती आहे. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने टिकला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. दोन्ही वेळा असंख्य कामगार गावी परतले आणि घरच्या भातावर तग धरून राहिले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत. ते भात पिकवणाऱ्या हातांची नाहीत.

१०/ सर्वांत मोठा अन्याय कागदावर झाला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे कायद्याने मालक मानली गेली. घोषणा होती ‘कसेल त्याची जमीन’. पण १९४८ च्या कुळकायद्याच्या व्याख्येत कुटुंबातील व्यक्तीच्या श्रमाने केलेली शेतीही त्या माणसाची ‘जातीने’ केलेली शेती ठरते. बाईने लावणी करावी आणि परळच्या खोलीतला नवरा कसणारा ठरावा, हे त्या व्याख्येत सहज बसले.

११/ कोणी म्हणेल, या व्याख्येमुळेच तर चाकरमान्याच्या घरची जमीन वाचली. खरे आहे. जमीन घराकडे राहिली. मात्र उताऱ्यावर घर म्हणजे पुरुषाचे नाव. पुढे १९९२ साली राज्य शासनाने लक्ष्मी मुक्ती योजना आणली. तिच्यानुसार पतीने संमती दिल्यास पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. कसणारीचा हक्क येथेही दुसऱ्याच्या संमतीवर अवलंबून राहिला.

१२/ ‘चाकरमानी’ हा शब्द आपल्या भाषेत मानाने रुळला. मागे राहिलेलीसाठी तसा शब्द रुळला नाही. फार तर ‘वाट पाहणारी’ म्हणून तिचे कौतुक झाले. तिने वाट पाहिली हे खरे, पण त्या काळात तिने शेतीही केली. इतिहासाने आता तिला विरहिणी म्हणून नव्हे, शेतकरी म्हणून नोंदवावे. आणि ज्यांच्या घरी अशी आजी किंवा आई अजून आहे, त्यांनी एकदा सातबारा काढून त्यावर तिचे नाव आहे का, ते पाहावे.